लिंगभाव-अभ्यास : पदव्युत्तर संशोधन

स्त्री, पुरुष व अन्य लिंग-ओळखींच्या व्यक्ती यांचे समाजातील स्थान, त्यांच्यातील सत्तासंबंध आणि लैंगिकतेविषयीचे संकेत यांचा विचार करणारी आंतरविद्याशाखीय ज्ञानशाखा. मराठीत या विचाराची परंपरा जुनी आहे. ताराबाई शिंदे यांचा स्त्री-पुरुष तुलना हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला, र. धों. कर्वे यांनी समाजस्वास्थ्य (१९२७–५३) या मासिकातून लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय चर्चा केली. विद्यापीठांत मात्र या विषयास उशिरा स्थान मिळाले. नीरा देसाई (१९२५–२००९) यांनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर एम्.ए.चा प्रबंध लिहिला, तेव्हा ही स्वतंत्र शाखा नव्हती. हा प्रबंध १९५७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे १९७४ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात त्यांच्याच पुढाकाराने देशातील पहिले स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र स्थापन झाले. पुणे विद्यापीठातील केंद्र १९८७ चे. तेथे शर्मिला रेगे यांनी जात व लिंगभाव यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास दृढ केला.

संशोधनपदवी निवडताना मूळ विद्याशाखेत राहावे की स्त्री-अभ्यास केंद्रात जावे, हा विद्यार्थ्यापुढील मुख्य प्रश्न होय. वसई तालुक्यातील निर्मळ गावाचे उदाहरण घेता येईल. येथे हिंदू व ख्रिस्ती कुटुंबे शेजारी राहतात; परंतु हिंदूंना १९५६ चा, तर ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा वारसा कायदा लागू होतो. दुसऱ्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा पहिल्यापासून समान आहे. हिंदू एकत्र कुटुंबात मुलीस जन्मतः सहदायिकत्व महाराष्ट्रात १९९४ मध्ये व देशभर २००५ मध्ये मिळाले. कायद्याचा विद्यार्थी तरतुदी तपासतो, समाजशास्त्राचा विद्यार्थी नातेसंबंध पाहतो. कायद्याने मिळालेला वाटा मुलगी भावासाठी सोडून देते, तेव्हा ती संमती कशी घडते, हा प्रश्न या दोहोंच्या सीमेवरचा आहे. असा प्रश्न हाती असेल, तर आंतरविद्याशाखीय केंद्र उपयुक्त ठरते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी एम्.फिल्. पदवी बंद केली. त्यामुळे एम्.ए.नंतर विषय पारखून पाहण्याची मधली पायरी उरली नाही, व पीएच्.डी.ची किमान तीन वर्षे आरंभीच्याच निर्णयावर अवलंबून राहतात. म्हणून पदवीच्या नावापेक्षा संशोधनाचा प्रश्न, मार्गदर्शकाचा अधिकार व क्षेत्राची भाषा यांचा विचार आधी करणे इष्ट ठरते.