सुख नावाचे स्टेशन

कादंबरीकार आणि शाळामास्तर या दोघांनाही नावांचा नाद असतो. एकाला पात्रांची नावे शोधावी लागतात, दुसऱ्याला रोज हजेरी घ्यावी लागते. आणि लोकांना नावे ठेवण्यात तर दोघेही सारखेच पटाईत! माझ्या अंगी हे दोन्ही गुण असल्यामुळे नकाशात एखादे विलक्षण नाव दिसले की माझे बोट तिथेच अडते. जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटाच्या नकाशात ते असेच एकदा अडले. नाव होते ‘कोफुकु’. जपानी भाषेत कोफुकु म्हणजे सुख. आणि हे सुख म्हणजे आगगाडीचे एक चिमुकले स्टेशन होते!

ओबिहिरो शहरापासून दक्षिणेला, समुद्रकाठच्या हिरोओ गावापर्यंत ८४ किलोमीटरांचा एक फाटा होता. बटाटे, बीट आणि कडधान्ये पिकवणाऱ्या तोकाचीच्या मैदानातून तो जाई. या वाटेवर १९५६ साली कोफुकु स्टेशन उघडले. एक आखूड फलाट, एक लाकडी खोपटे. स्टेशनमास्तर नाही, तिकीटबाबू नाही. गाडी यायची, चार माणसे चढायची-उतरायची, की पुन्हा सारे सामसूम.

आता या नावाची कुळकथा ऐका. हा मुलूख मुळात ऐनू नावाच्या आदिवासींचा. तिथल्या नदीला ते ‘सात-नाय’ म्हणत. म्हणजे कोरडी नदी. पुढे जपानी लोक आले. त्यांनी हा उच्चार आपल्या चित्रलिपीत बसवताना दोन अक्षरे निवडली. पहिल्याचा अर्थ ‘भाग्य’, दुसऱ्याचा ‘भूकंप’. कारण जुन्या जपानीत भूकंपालाही ‘नाइ’ म्हणत. पुढे लोक तीच अक्षरे निराळ्या उच्चाराने वाचू लागले, आणि नदीचा मूळ अर्थ गावाच्या नावातून नाहीसा झाला. १८९७ साली फुकुइ प्रांतातून शेतकऱ्यांची एक टोळी इथे वसाहतीला आली. त्यांनी जंगल तोडले, हाडे गोठवणारी थंडी सोसली. गावाच्या नावातले ‘भाग्य’ आणि त्यांच्या सोडलेल्या मुलखाच्या नावातले ‘फुकु’ जोडून नवे नाव झाले : कोफुकु. म्हणजे हे सुख अर्धे हिरावलेल्या नदीचे, अर्धे मागे राहिलेल्या माहेरचे!

१९७३ साली जपानच्या सार्वजनिक चित्रवाणीने, म्हणजे एनएचकेने, या स्टेशनाची ओळख एका प्रवासपर कार्यक्रमात करून दिली, आणि चमत्कार झाला. याच फाट्यावर सुमारे अकरा किलोमीटर अलीकडे ‘आइकोकु’ नावाचे स्टेशन होते. त्याचा खरा अर्थ देशभक्ती. पण अक्षरे सुटी करून वाचली तर ‘प्रेमाचा देश’. मग काय विचारता! ‘प्रेमाच्या देशातून सुखाकडे’ असे तिकीट कोणाला नको असेल? आदल्या वर्षी ज्या प्रवासाची अवघी सात तिकिटे खपली होती, त्याची चार वर्षांत एक कोटी तिकिटे गेली, असे सांगतात. नवपरिणीत जोडप्यांनी ती ताईतासारखी जपली.

पण वाचकहो, तिकीट काढणे निराळे आणि गाडीत बसणे निराळे. ती कोटभर तिकिटे पाकिटांत आणि पेट्यांत राहिली. डबे मात्र रिकामेच धावत राहिले. गावोगाव मोटारी झाल्या होत्या, तरुण शहराकडे चालले होते. १९८० साली तोट्यातले फाटे बंद करण्याचा कायदा झाला, आणि २ फेब्रुवारी १९८७ रोजी हा फाटाही मिटला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानची राष्ट्रीय रेल्वेही मोडून खाजगी कंपन्यांत वाटली गेली.

स्टेशन मात्र लोकांनी मोडू दिले नाही. फलाट आहे, रुळांवर नारिंगी रंगाचे दोन जुने डबे उभे आहेत. खोपटे जीर्ण झाले तेव्हा २०१३ साली ते नव्याने बांधले. लांबून आलेली माणसे त्याच्या भिंतींवर तिकिटांच्या चिठ्ठ्या डकवतात, फोटो काढतात आणि मोटारीने परत जातात.

मला त्या चिठ्ठ्यांपेक्षा त्या चार उतारूंची आठवण येते, ज्यांना सुखाला जायचे नव्हते, नुसते घरी जायचे होते. कोणी दुधाचे भांडे घेऊन, कोणी दप्तर घेऊन त्या फलाटावर उतरत असेल. त्यांच्यासाठी सुख हा एक थांबा होता, आणि तो रोज वेळेवर येत होता.