भूकंपाच्या देशातील ख्रिस्तमंदिरे

आशिया खंडात कॅथलिक बहुसंख्येचे देश दोनच, फिलिपाइन्स आणि पूर्व तिमोर. त्यांपैकी फिलिपाइन्सचे नाव आपल्याला ऐकून ठाऊक असले, तरी तेथील चर्चवास्तूंविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. वसईकरांनी तरी या देशाकडे थोडे आपुलकीने पाहावयास हवे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकाच्या नवव्या दशकात व्यापाराच्या निमित्ताने मनिलात पोहोचले, तेथेच त्यांनी फ्रान्सिस्कन संघात सामान्य बंधू म्हणून प्रवेश केला आणि १५९३ साली तेथूनच ते जपानला रवाना झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्यांना क्रुसावर हौतात्म्य आले. त्यांच्या संन्यस्त जीवनाची सुरुवात ज्या शहरात झाली, त्या मनिलात तेव्हा दगडी चर्च बांधण्याचा उद्योग नुकताच कोठे सुरू होत होता.

मॅगेलन १५२१ मध्ये सेबू बेटावर आला, परंतु मिशनकार्याचा खरा आरंभ १५६५ मध्ये लेगास्पीच्या मोहिमेबरोबर आलेल्या ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी केला. त्यांची पहिली चर्चे बांबूची, लाकडाची आणि निपा नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या पानांनी शाकारलेली असत. स्थानिक लोकांची घरे जशी, तसेच देवाचे घर. हवा खेळती राहत असे, धरणी हलली तरी बांबू वाकत असे, मोडत नसे. शत्रू एकच, अग्नी. मनिलातील ऑगस्टिनियनांचे पहिले चर्च १५७४ मध्ये लिमाहोंग या चिनी चाच्याच्या स्वारीत जळाले. दुसरे लाकडी चर्च १५८३ मध्ये भस्मसात झाले. गव्हर्नराच्या अंत्यविधीच्या वेळी मेणबत्तीची ठिणगी उडाल्याचे निमित्त झाले. तेव्हा संघाने निश्चय केला की तिसरे चर्च दगडाचेच बांधावयाचे. १५८७ मध्ये काम सुरू झाले आणि सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते पुरे झाले. तेच आजचे सान आगुस्तीन चर्च.

आगीपासून सुटका झाली, पण दगडाने दुसऱ्या शत्रूला आमंत्रण दिले. फिलिपाइन्सची बेटे पृथ्वीच्या अस्वस्थ पट्ट्यावर वसलेली आहेत. स्पेन किंवा मेक्सिकोतील आराखडा आणून उंच, सडपातळ मनोरे उभारावेत, तर पहिल्याच मोठ्या धक्क्यात ते खाली यावयाचे. १६४५, १८६३, १८८० ही मनिलाच्या इतिहासातील काळी वर्षे. ३ जून १८६३ रोजी, ख्रिस्तशरीराच्या सणाच्या पूर्वसंध्येला, मनिलाचे कॅथीड्रल कोसळले आणि स्थानिक धर्मगुरूंच्या हक्कांसाठी झगडणारे फादर पेद्रो पेलाएझ त्याखाली गाडले गेले. सान आगुस्तीन मात्र प्रत्येक वेळी उभे राहिले. १८८० च्या धक्क्याने डावा मनोरा तडकला व पुढे तो उतरवावा लागला, म्हणून आज त्या दर्शनी भागाला एकच मनोरा दिसतो. प्रथम पाहणाऱ्याला ते अपुरे वाटते. मला ती एका दीर्घ युद्धातील जखमेची खूण वाटते.

भूकंपाशी झगडता झगडता या देशात एक वेगळीच बांधणी जन्माला आली. पाल केलेमेन या अभ्यासकाने तिला ‘भूकंपी बरोक’ असे नाव दिले. भिंती जाड, इमारत बुटकी आणि रुंद, घंटाघर ठेंगणे आणि अनेकदा मुख्य इमारतीपासून दूर. पडलेच तर ते भाविकांच्या डोक्यावर पडू नये. इलोकोस नोर्ते प्रांतातील पावाय येथील चर्च हा या शैलीचा उत्तम नमुना. १६९४ मध्ये सुरू होऊन १७१० मध्ये पुरे झालेल्या या चर्चच्या दोन्ही बाजूंस आणि मागे मिळून चोवीस प्रचंड आधारस्तंभ भिंतींना टेकून उभे आहेत, जणू थकलेल्या माणसाला गावकऱ्यांनी खांदा दिला आहे. पायऱ्यापायऱ्यांचे हे आधार नुसते धक्का पेलण्यासाठी नाहीत. छपराच्या डागडुजीसाठी वर चढावयासही ते उपयोगी पडत. घंटाघर प्रवाळी दगडाचे आणि चर्चपासून वेगळे. १८९६ च्या स्वातंत्र्यसंग्रामात क्रांतिकारक त्याच्या माथ्यावरून टेहळणी करीत असत.

चुना प्रवाळ व शिंपले भाजून केला जाई. त्यात उसाचा रस मिसळीत, अंड्याचा पांढरा बलक घालीत, असे लोक सांगतात. एवढा पांढरा बलक लागला तर पिवळ्याचे काय झाले, या प्रश्नाला फिलिपिनो गृहिणी हसत उत्तर देतात की त्यातूनच आमची अंड्याची गोड पक्वान्ने निघाली. गोष्ट मोठी गोड आहे. पुराव्याला ती कितपत उतरेल याची मला शंका वाटते. पण शिंपल्यांचे काम मात्र डोळ्यांना दिसणारे आहे. ‘कापिझ’ नावाच्या पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्याचे चौकोन लाकडी जाळीत बसवून खिडक्या केल्या जात. गोव्यातील जुनी घरे व चर्चे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा दुधाळ उजेड अनोळखी नाही.

हे सर्व बांधले कोणी? आराखडा धर्मगुरूंचा, हात मात्र स्थानिक लोकांचे व चिनी कारागिरांचे. स्पॅनिश राजवटीत सोळा ते साठ वर्षांच्या पुरुषांना वर्षाकाठी चाळीस दिवस सक्तीचे श्रमदान करावे लागे. ही मुदत १८८४ मध्ये पंधरा दिवसांवर आली. रस्ते, पूल, जहाजे आणि चर्चे, सर्व याच वेठीवर उभे राहिले. आपण ख्रिस्ती लोकांनी हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु वेठीला आलेल्या माणसाने छिन्नी हातात घेतल्यावर दगडावर काय कोरले, हेही पाहावयास हवे. सान आगुस्तीनच्या प्रांगणात दगडी चिनी सिंह राखण करीत बसले आहेत. आणि मियागाव येथे तर नवलच घडले आहे.

पनाय बेटावरील मियागावचे चर्च १७८६ ते १७९७ या काळात उभे राहिले. दक्षिणेकडून होणाऱ्या मोरो लोकांच्या समुद्री धाडींमुळे ते गढीसारखे बांधले आहे. दोन्ही बाजूंचे मनोरे उंचीने असमान आहेत. पण नजर खिळते ती मधल्या त्रिकोणी माथ्यावर. तेथे संत क्रिस्तोफर बाळ येशूला खांद्यावर घेऊन पाणी ओलांडीत आहे. युरोपातील चित्रांत त्याच्या हाती काठी असते. मियागावच्या क्रिस्तोफरने नारळाचे झाड धरले आहे! अंगावर स्थानिक शेतकऱ्याचा वेष, आणि आजूबाजूला पपई व पेरूची झाडे फळांनी लगडलेली. ज्या कारागिराने हे कोरले त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर आपण ‘सांस्कृतिकीकरण’ या शब्दावर चर्चासत्रे भरविली. पनायच्या त्या गवंड्याने ते काम दीडशेहून अधिक वर्षे आधी, कोणाचीही परवानगी न मागता, करून टाकले होते.

सान आगुस्तीन, पावाय, मियागाव आणि टेकडीवर पंच्याऐंशी पायऱ्या चढून जावे लागते ते सांता मारिया, या चार चर्चांना युनेस्कोने १९९३ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

दगडावर विश्वास उरला नाही असाही एक क्षण आला. मनिलातील सान सेबास्तियन चर्च १६५१ मध्ये जळाले, पुढे १८५९, १८६३ व १८८० च्या भूकंपांनी पुनःपुन्हा उद्ध्वस्त केले. शेवटी रिकोलेक्ट संघाच्या धर्मगुरूंनी गेनारो पालासिओस या स्पॅनिश अभियंत्याला विचारले, आणि त्याने सांगितले: आता संपूर्ण पोलादाचे बांधा. बेल्जियममध्ये सुटे भाग तयार झाले, जहाजांतून ते समुद्रापार आले आणि १८९१ मध्ये गॉथिक धर्तीचे, दोन निमुळत्या मनोऱ्यांचे चर्च आशीर्वादित झाले. आतील पोलादी खांब रंगवून हुबेहूब संगमरवरासारखे केले आहेत. भूकंपाला ते पुरून उरले. पण समुद्राची खारी हवा व पोकळ खांबांत झिरपणारे पावसाचे पाणी यांनी गंजाच्या रूपाने आतून पोखरावयास सुरुवात केली, आणि अलीकडच्या वर्षांत तज्ज्ञ व तरुण स्वयंसेवक त्याच्या जतनासाठी झटत आहेत.

माणसाने केलेला विध्वंस मात्र सर्व भूकंपांहून भयंकर ठरला. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मनिलाची लढाई झाली. माघार घेणाऱ्या जपानी सैन्याच्या कत्तली आणि अमेरिकन तोफांचा भडिमार यांत सुमारे एक लाख नागरिक मृत्युमुखी पडले. इंत्रामुरोस या तटबंद जुन्या शहरातील चर्चे एकामागून एक ढासळली. गोन्सालो गार्सियांच्या फ्रान्सिस्कन संघाचे चर्चही गेले. उभे राहिले ते एकटे सान आगुस्तीन. त्याच्या भिंतींआड शेकडो माणसे कोंडलेली होती. कॅथीड्रल १९५८ पर्यंत नव्याने बांधून झाले. फ्रान्सिस्कनांचे मंदिर त्या जागी पुन्हा उभे राहिले नाही.

याच राखेतून नवी वास्तुकला उगवली. नेग्रोस बेटावरील व्हिक्टोरियास येथे साखर कारखान्याच्या कामगारांसाठी अँतोनिन रेमंड यांनी चर्च बांधले (पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमातील गोलकोंड ही इमारत याच वास्तुविशारदाची). तेथील वेदीमागे आल्फोन्सो ओसोरिओ यांनी १९५० मध्ये रंगविलेला ख्रिस्त लाल, निळ्या ज्वालांत पेटलेला आहे. लोकांनी त्याला ‘क्रुद्ध ख्रिस्त’ म्हटले, आणि कित्येकांना तो मुळीच आवडला नाही.

दुसरी वास्तू मनिलालगत दिलिमान येथील विद्यापीठाच्या आवारात. येशूसंघीय फादर जॉन डिलेनी यांना विद्यार्थ्यांसाठी चर्च हवे होते आणि पैसा फारसा नव्हता. काम त्यांनी दिले लिआन्द्रो लोक्सिन या तरुणाला. त्याने बशी उपडी ठेवावी तसा काँक्रीटचा घुमट घातला: व्यास सुमारे एकोणतीस मीटर, कवच अवघे काही सेंटिमीटर जाडीचे, आणि बाजूंनी दारे-भिंतींचा अडथळा नाही. वेदी मधोमध, लोक सभोवार. २० डिसेंबर १९५५ रोजी तेथे पहिली मिस्सा झाली. उपासनाविषयक परिषद-दस्तऐवज १९६३ चा, हे ध्यानात घेतले म्हणजे डिलेनींच्या दूरदृष्टीचे मोल कळते. क्रुसाच्या वाटेची चित्रे व्हिसेंते मनान्साला यांची, दोन बाजूंनी दोन ख्रिस्त असलेला क्रूस नापोलेओन अबुएव्हा यांचा, जमिनीवरील ‘जीवननदी’ आर्तुरो लुझ यांची. हे सर्व व लोक्सिन पुढे राष्ट्रीय कलावंत ठरले. फादर डिलेनी मात्र त्यानंतर महिनाभरही जगले नाहीत. जानेवारी १९५६ मध्ये ते प्रभुघरी गेले.

जुन्या चर्चांना आज धोका आहे तो मुख्यतः प्रेमाचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे एक लाट आली: ‘पालितादा’ म्हणजे चुन्याचा गिलावा खरवडून काढावयाचा आणि आतील दगड-विटा उघड्या ठेवावयाच्या. पुरातन दिसते, म्हणून लोक खूश. वास्तविक तो गिलावा भिंतीची कातडी होती. ती सोलल्यावर पाऊस सरळ मऊ दगडात शिरला. मग भेगा सिमेंटने बुजविल्या, आणि सिमेंट भिंतीला श्वास घेऊ देईना. आपल्याकडेही हेच घडले आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात उतरविण्यात आला, आणि तेव्हापासून तिचा जांभा दगड पावसात झिजतो आहे. गिलावा पुन्हा चढवावा की नाही यावर वाद झडत आहेत. जीर्णोद्धाराच्या समितीत बसणाऱ्या प्रत्येकाने फरशा व रंग निवडण्यापूर्वी एखाद्या चुन्याच्या जाणकार गवंड्याशी दोन तास बोलावे, असे मला मनापासून वाटते.

घंटांची कथा निराळी. सामार बेटावरील बालांगिगा येथे २८ सप्टेंबर १९०१ रोजी गावकऱ्यांनी अमेरिकन तुकडीवर हल्ला केला व अठ्ठेचाळीस सैनिक मारले गेले. सूड म्हणून सामार बेट बेचिराख करण्यात आले आणि चर्चच्या तीन घंटा युद्धलूट म्हणून नेण्यात आल्या. शतकाहून अधिक काळ फिलिपिनो लोक त्या मागत राहिले. अखेर ११ डिसेंबर २०१८ रोजी त्या विमानाने मनिलात परतल्या, आणि त्याच आठवड्यात बालांगिगात त्या पुन्हा वाजल्या. म्हातारी माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. १७३९ च्या मोहिमेनंतर वसईच्या चर्चांतील घंटा महाराष्ट्रात गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, वाईजवळील मेणवलीला त्या आजही पाहावयास मिळतात. तेथे त्या जपल्या गेल्या, त्यांची पूजास्थानी प्रतिष्ठा झाली. दोन्ही कथा सारख्या नव्हेत. तरी मेणवलीची घंटा पाहताना बालांगिगाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

१५ ऑक्टोबर २०१३ रोजी सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी बोहोल बेट हादरले. दोनशेहून अधिक माणसे दगावली. लोओन व मारिबोहोक येथील चर्चे जमीनदोस्त झाली, लोबोकचे दुभंगले, शेजारच्या सेबूत सांतो निन्यो बासिलिकेचे घंटाघर ढासळले. दुसऱ्याच आठवड्यापासून लोक उघड्यावर मिस्सा करू लागले, आणि पडलेल्या ढिगाऱ्यातील दगड वेचून, निवडून वेगळे ठेवण्याचे काम सुरू झाले. त्या कामाला हात होते. इंत्रामुरोसमध्ये एक शाळा गरीब घरच्या तरुणांना चुना, दगड व लाकूडकाम यांची जुनी कला शिकवीत होती. लोओनचे चर्च २०२१ मध्ये पुन्हा उघडले. जुलै २०२२ मध्ये उत्तरेकडील भूकंपात बांताय येथील जुन्या घंटाघराचे दगड गळून पडले, आणि ३० सप्टेंबर २०२५ च्या रात्री उत्तर सेबूतील दानबांतायान येथील सांता रोझा चर्चचा दर्शनी भाग कोसळला. तेथेही आता दगड वेचणे चालू झाले आहे.