डोंबिवलीच्या फलाटावरची संख्या

केळणा नदीच्या काठचे आमचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहुत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत हे नाव येते. १९७३ च्या उत्खननात येथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली; तिची बहीण शोभावी अशी मूर्ती दूर इटलीत पाँपेई येथे सापडलेली आहे. इतक्या लांबचा व्यापार पाहणाऱ्या माणसांचे हिशेब लहान नसणार. पण ते लिहीत कसे? सातवाहनकाळच्या नाणेघाटातील लेखात अंक आहेत. मात्र दहा, शंभर, हजार यांना निरनिराळ्या खुणा. जागेवरून अंकाची किंमत ठरावी, ही युक्ती तेथे नाही.

हा विचार मनात आला तो नातीच्या रांगोळीमुळे. दिवाळीला अंगणात तिने आकड्यांची एक ओळ काढली :

१२३४५६७८९८७६५४३२१

चढत जाऊन नऊवर टेकलेली आणि तशीच उतरलेली! ही सतरा अंकी संख्या म्हणजे नऊ एकांच्या संख्येचा, १११११११११ चा, वर्ग. कारण सोपे आहे. गुणाकार मांडला की नऊ एकांच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांतील एक मोजा : एक, दोन, तीन, थेट नऊ, आणि पुन्हा खाली एक. तिच्या अंकांची बेरीज ८१. आणि ८१ नेच तिला भागले तर उरते १२३४५६७९ या संख्येचा वर्ग. या संख्येत आठ नाही, हे ध्यानात ठेवा.

असली मौज आपल्याकडे जुनी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. हारासारखे दिसणारे गुणाकार त्यांनी त्यात दिले. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणल्यास १२३४५६५४३२१ येते, हे त्यांपैकीच. हजार वर्षांनी हा हार पुन्हा गुंफला तो दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. जी. आय. पी. रेल्वेच्या डेमलो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून या कुळाच्या संख्यांना त्यांनी 'डेमलो संख्या' असे नाव दिले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. त्यामुळे त्यांचे हे काम म्हणजे नुसता पोरखेळ, असे कित्येक विद्वानांना वाटे. त्यांच्या ६१७४ या संख्येने पुढे साऱ्या जगाला वेड लावले. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे आपल्याकडच्यांनाही मास्तर दिसू लागले. १९८६ मध्ये ते वारले.

नातीने विचारले, "आजोबा, दहा एक घेतले तर?"

मी म्हटले, "करून पाहा."

तिने केले. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात दहा जमले, हातचा एक पुढे गेला, आठ हरवला, आणि मधोमध दोन शून्ये येऊन बसली. तिला वाटले, रांगोळी बिघडली. मला मात्र वाटले, इतका वेळ पडद्याआड राहून सारा डोलारा सांभाळणारे शून्यच आता उंबरठ्यावर आले. त्या दोन शून्यांवर मी दोन पणत्या ठेवल्या.