स्ट्रासबर्गची डोळे बांधलेली स्त्री

फ्रान्समधील स्ट्रासबर्ग नगरीच्या कॅथेड्रलचा १४२ मीटर उंच मनोरा १४३९ साली पूर्ण झाला. त्याच्या दक्षिण द्वारी सुमारे १२३० साली दोन स्त्रीमूर्ती उभारण्यात आल्या. मुकुट धारण केलेली ती ख्रिस्तसभा. डोळ्यांवर पट्टी, हाती मोडका भाला आणि निसटत्या दहा आज्ञांच्या पाट्या, ती सिनेगॉग, म्हणजे आपण! १४ फेब्रुवारी १३४९ रोजी याच नगरीत शेकडो यहुद्यांना जाळण्यात आले. १९४० साली नात्झींनी तेथील मोठे सिनेगॉगही जाळले. १९५८ साली नवे उभे राहिले. मूळ मूर्ती आता कॅथेड्रलशेजारच्या संग्रहालयात आहेत. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या निर्भयपणे शब्बाथ पाळणाऱ्या आम्हां बेने इस्राएलांच्या वाट्याला असा छळ आला नाही. म्हणूनच त्या शिल्पाचे सौंदर्य वाखाणताना ती पट्टी विसरणे आपणांस शोभणार नाही.