मुलांनी बांधलेली लाकडी घरं



भातुकलीचं घर आपण सगळ्यांनीच कधी ना कधी बांधलंय. चार काटक्या, आईचं जुनं लुगडं, वर पळसाची पानं, की झालं घर! आता बाजारात मुलांसाठी तयार लाकडी घरं मिळतात. पण मूल स्वतः घर बांधतं तेव्हा त्याला काय मिळतं, हे एका देशातल्या मोठ्या माणसांनी ओळखलं. त्याचा हा इतिहास.

देश डेन्मार्क, युरोपच्या उत्तरेकडचा. तिथे सोरेनसेन नावाचे बागा आणि मैदानं आखणारे एक रचनाकार होते. त्यांनी मुलांसाठी नीटनेटकी मैदानं आखली, पण मुलं रमायची दुसरीकडेच! कुठे बांधकाम चालू असेल, फळ्या-विटा पडल्या असतील, तिथे. मग मुलांना मोडक्यातोडक्या सामानाचंच मैदान का देऊ नये? १९३१ साली त्यांनी हा विचार पुस्तकात मांडला.

तो प्रत्यक्षात यायला मात्र बारा वर्षं लागली, आणि काळही कठीण होता. दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४० पासून डेन्मार्क जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांच्या खोड्या सैनिकांना घातपात वाटल्या तर काय, ही भीती आईबापांना होती. अशा वेळी, १९४३ साली, राजधानी कोपनहेगनमधल्या एम्ड्रुप भागात, कामगारांच्या सहकारी वसाहतीत हे मैदान सुरू झालं.

तिथे झोपाळा नव्हता, घसरगुंडी नव्हती. भोवती मातीचा बांध आणि झुडपं, आत जुन्या फळ्या, विटा, चाकं. हातोड्या, खिळे, फावडी मुलांच्या हातात. मुलांनी खड्डे खणले, गुहा केल्या आणि फळ्या ठोकून घरं उभी केली. आवडलं नाही तर मोडून पुन्हा बांधली.

पण मुलांना वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. बर्टेल्सन नावाचे बालशिक्षक तिथे असायचे. ते आधी खलाशी होते. काय बांधायचं हे ते सांगत नसत. तो मुलांचा निर्णय. अडलं तर मदत करायची, नाहीतर बाजूला राहायचं. बायांनो, हे बोलायला सोपं आहे! पोराच्या हातात हातोडी दिसली की आपण आधी ती काढून घेतो.

युद्ध संपल्यावर १९४६ साली इंग्लंडच्या लेडी ॲलन यांनी ही जागा पाहिली. लंडनमध्ये बॉम्ब पडून ओसाड झालेल्या कितीतरी जागा होत्या. तिथे मुलांसाठी अशी मैदानं करा, असं त्यांनी साप्ताहिकात लिहिलं. १९४८ साली लंडनच्या कॅम्बरवेल भागात असं मैदान सुरू झालं आणि मग ही कल्पना इतर देशांत गेली. जिथे घरं पडली होती, तिथे मुलं घरं बांधू लागली. सोरेनसेन पुढे म्हणाले की, आपण केलेल्या सगळ्या कामांत हे मैदान दिसायला सर्वांत कुरूप, तरी आपल्याला तेच सर्वांत सुंदर वाटतं.

याच काळात आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बालशिक्षणाचं काम करत होत्या. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत ते सुरू झालं. गरिबाघरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून खडे, पानं, शिंपले यांतून शिक्षण झालं. मुलांच्या खेळाला पैसा नाही, मोठ्यांची नजर आणि विश्वास लागतो, हे तिथेही दिसतं.

आपल्या गटाला हे जमण्यासारखं आहे. अंगणवाडीमागची मोकळी जागा, सुताराकडच्या उरलेल्या फळ्या, घर शाकारून उरलेले वासे-बांबू. वर आलेले खिळे काढायचे, कुजलेलं लाकूड बाजूला करायचं, घर उंच होऊ द्यायचं नाही. आठवड्यातून एक दिवस दोघींनी पाळीने तिथे बसायचं. आणि मुलींच्या हातातही हातोडी द्यायची, बरं का! घर सांभाळायला आपण त्यांना लहानपणापासून शिकवतो. घर बांधायलाही शिकू द्या.

येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की हा विषय काढा.