वादग्रस्त मालाची राखण

वतनाचा कज्जा चालूं असतां वतन अमानत ठेवल्याचे उल्लेख पेशवेकालीन कागदांत वाचकांस वारंवार आढळतात. अशा वेळीं माल सरकारच्या ताब्यांत जाई, पण सरकारचा होत नसे. मग तो राखण्याची जोखीम कोणावर?

या विचाराचें मूळ जुनें आहे. मनुस्मृतीच्या ८ व्या अध्यायांत (श्लोक ३४), हरवून सांपडलेलें द्रव्य नेमलेल्या अधिकाऱ्यांनीं राखावें व तें चोरणारास राजानें हत्तीकरवीं मारवावें, असें सांगितलें आहे. प्रकरण कज्ज्याचें नाहीं. परंतु धनी ठरेपर्यंत राखण राजाच्या माणसांकडे, हें सूत्र तेंच. पुढें ४० व्या श्लोकांत, चोरांकडून परत आणलेलें धन राजानें स्वतः भोगल्यास त्यास चोराचें पाप लागतें, असें म्हटलें आहे.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनें जबाबदारी नेमक्या शब्दांत बांधली. तिच्या ४० व्या आदेशान्वयें रिसीव्हरनें न्यायालय मागेल तो जामीन व हिशेब द्यावा लागतो. त्याच्या बुद्धिपुरस्सर कसुरीनें किंवा घोर हयगयीनें झालेलें नुकसान त्याच्यावर पडतें. तें भरून न दिल्यास त्याचीच मिळकत जप्त करून विकतां येते.

संग्राहकांनीं यांतून एक गोष्ट घ्यावी. घराण्याच्या वाटणीच्या दाव्यांत दप्तरही ताब्यांत जाऊं शकतें. यादींत ‘जुने कागद, रुमाल एक’ एवढेंच लिहिलें, तर त्यांतील सनद गहाळ झाल्याचें सिद्ध कसें करावें? राखणदाराची जबाबदारी यादीइतकीच पक्की असते. म्हणून ताबा देतांनाच कागदवार यादी व्हावी.