घटकांच्या वर्गातून फुटलेल्या तीन वाटा

मंडळी, आपण आज हातखंब्याच्या तिठ्यावर जमलोय. एक रस्ता मुंबईकडचा, एक गोव्याकडचा, एक खाली रत्नागिरीत उतरणारा. आजचा विषयही तसाच आहे, एका वर्गातून तीन वाटा कशा फुटल्या त्याचा.

साल 1965. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या फिल्म इन्स्टिट्यूटला जेमतेम पाच वर्षं झालेली. तिथे उपप्राचार्य म्हणून ऋत्विक घटक आले. 'मेघे ढाका तारा' करून झालेला, 'कोमल गांधार' गल्ल्यावर आपटलेला. फार काळ काही ते टिकले नाहीत. पण मणी कौल, कुमार शहानी आणि जॉन अब्राहम (हिंदीतला हीरो नव्हे, मल्याळी दिग्दर्शक) या तिघांनीही पुढे त्यांनाच गुरू मानलं.

आता गंमत बघा. घटकांचा सिनेमा म्हणजे फाळणीची जखम, गाणी, बिनधास्त मेलोड्रामा. आणि शिष्याचा, म्हणजे मणी कौलांचा 'उसकी रोटी' (1969)? बसड्रायव्हरची बायको नवऱ्याचं जेवण घेऊन रस्त्याकडेला उभी आहे. बस. कुणाचा आवाज चढत नाही, कुणी धाय मोकलून रडत नाही. आपल्या तिठ्यावर गाडीची वाट बघत ताटकळलेल्या माणसाला तो सिनेमा समीक्षकांपेक्षा लवकर कळेल, असं आम्हाला वाटतं.

गुरूची नक्कल करणं सोपं होतं. ती त्यांनी केली नाही, आणि त्याची किंमत मोजली. शहानी पॅरिसला गेले, रोबेर ब्रेसाँच्या हाताखाली काम केलं, परत येऊन 1972 मध्ये 'माया दर्पण' केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पुढचा मोठा चित्रपट 'तरंग' आला तो 1984 मध्ये! बारा वर्षं. पुरस्कार मिळालेल्या माणसाची ही गत. सरकारी पैसा या मुलांनी वाया घालवला म्हणणाऱ्यांनी ही बारा वर्षंही हिशेबात धरावीत.

जॉननी वेगळाच मार्ग काढला. 'अम्मा अरियान'साठी (1986) ओडेसा नावाच्या गटाने केरळात गावोगाव फिरून लोकांकडून वर्गणी गोळा केली.

मराठीत या परंपरेबद्दल वाचायचं तर अरुण खोपकर आहेत. मणी कौलांच्या 'आषाढ का एक दिन'मध्ये ते कालिदास झाले, नंतर स्वतः इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. त्यांच्या 'चलत्-चित्रव्यूह'ला 2015 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घटक मात्र 1976 मध्येच गेले. 'तरंग' किंवा 'अम्मा अरियान' त्यांना बघायला मिळाले नाहीत.